दवाखान्यात आण्णांची तुळशीची माळ हरवली

फलटणची लेक

आण्णांची बायपास होऊन आज बारावा दिवस. परवा घरी आणलं. तब्येत उत्तम आहे हे आधी सांगते, कारण रक्तदाते मिळवण्यापासून पुण्यात आमची राहायची सोय लावण्यापर्यंत इथल्या कितीतरी जणांनी मदत केली. तुम्हा सगळ्यांचे उपकार आम्ही विसरणार नाही. आज लिहितेय ते मात्र वेगळ्या गोष्टीबद्दल. ती कुणाला सांगितली की "चला, जिवावरचं माळेवर गेलं" असं म्हणून लोक विषय संपवतात, आणि माझ्या मनातून काही ती जात नाही.

आण्णा माळकरी. १९८४ च्या कार्तिकीला आळंदीत माळ घातली, तेव्हा ते तीस वर्षांचे होते. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, माळ दुकानातून आणून नुसती गळ्यात अडकवायची नसते. ज्ञानेश्वरीवर ठेवून ती महाराजांच्या हातून गळ्यात पडते आणि तिच्याबरोबर नेम येतात. मांस-मद्य बंद, एकादशी, हरिपाठ, पंढरीची वारी. आमच्या घरात दोरा झिजून माळ तुटली तर ती ओवून परत गळ्यात पडेपर्यंत आण्णांच्या पोटात अन्न जायचं नाही. लहानपणी आम्ही भावंडं सतरंजीवर पालथी पडून घरंगळलेले मणी शोधायचो, आणि स्वयंपाक तयार असूनही आई ताटं मांडायची नाही. एका वर्षी चांदोबाच्या लिंबाच्या रिंगणात गर्दीत माळ तुटली आणि एक मणी काही सापडला नाही. आईनं आपल्या माळेतला एक मणी काढून दिला. तो जरा फिकट होता, लांबूनही ओळखू यायचा.

ऑपरेशनच्या आदल्या रात्री सिस्टर कागद घेऊन आल्या. "पिवळ्या धातूची अंगठी १, पिवळ्या धातूची चेन १, पांढऱ्या धातूचा करदोडा १, नातेवाईकांच्या ताब्यात दिले." माझी सही, सिस्टरची सही, साक्षीदार म्हणून भावाची सही. मी माळेचं विचारलं. त्या म्हणाल्या, आता राहू द्या, थिएटरमध्ये बघतील. आण्णांनाही ती शेवटपर्यंत गळ्यात हवी होती, म्हणून मी पुढे काही बोलले नाही. माझी चूक झाली ती इथे.

थिएटरमध्ये मानेतून मोठी लाईन म्हणजे औषधांची नळी घालायची असते, हनुवटीपासून खाली सगळं निर्जंतुक करायचं असतं. माळ डोक्यावरून निघेना, म्हणून कात्रीनं कापली. त्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. एका टेक्निशियननं आठवून सांगितलं की मणी सांडू नयेत म्हणून ती गॉजमध्ये गुंडाळून पेशंटच्या पायाशी ठेवली होती. तिथून आयसीयूच्या पलंगावर त्यांना उचलून ठेवलं. पुढचं कुणालाच माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी श्वासाची नळी काढली. मी आत गेले तेव्हा आण्णांचा हात गळ्याशी होता. आवाज बसलेला. बोटानं गळ्याभोवती गोल करून दाखवलं आणि पुटपुटले, "माळ कुटं हाय?" मी म्हटलं, आहे, बाहेर ठेवलीय. माझं तोंड बघूनच त्यांना कळलं असावं. त्यानंतर त्यांनी तोंड मिटलं ते मिटलंच. सिस्टर चमच्यानं पाणी लावायच्या, ते मान फिरवायचे. संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल. बापूकाकांनी महाराजांना फोन लावला, महाराजांनी स्पीकरवर स्वतः सांगितलं, "आजारात देह सांभाळणं हाच नेम. घ्या पाणी." आण्णांनी दोन्ही हात जोडले आणि पाणी काही घेतलं नाही.

चुलतभाऊ त्याच पावली मोटरसायकलवरून आळंदीला गेला. समाधीला लावून नवी माळ घेऊन आला. आयसीयूत बाहेरची वस्तू चालत नाही. रात्रपाळीच्या इन्चार्ज सिस्टरनं दोन मिनिटं विचार केला, माळ एका स्वच्छ पारदर्शक पिशवीत घालून पिशवी बंद केली आणि आण्णांना दिसेल अशी पलंगाच्या दांडीला पट्टीनं चिकटवली. आण्णा बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. मग चार चमचे पाणी घेतलं. त्या सिस्टरचं नाव इथे लिहीत नाही, पण आमच्या घरात ते रोज निघतं.

जुन्या माळेचा शोध मी चौथ्या दिवशी सुरू केला. त्याआधी डोकंच ठिकाणावर नव्हतं. सफाईच्या सुपरवायझर काकांनी मला जिन्याखाली नेऊन नीट समजावलं. रक्त लागलेला गॉज पिवळ्या पिशवीत जातो. पिशवीचं वजन होतं, बारकोड लागतो, गाडी येते, आणि ती पिशवी भट्टीत जाळली जाते. ४८ तासांच्या वर ठेवायला नियमानं परवानगी नाही. "ताई, त्याच दिवशी आला असता तर मी स्वतः पिशव्या उघडून बघितल्या असत्या," असं ते म्हणाले, आणि ते खरंच बोलत होते.

सोन्यासाठी तीन सह्या होत्या. माळेसाठी त्या कागदावर एक ओळ नव्हती. हॉस्पिटलचं नाव मी देणार नाही, कारण आण्णांचा जीव त्यांनीच वाचवलाय. पण मला अर्ज द्यायचा आहे. त्यात काय मागू? तुमच्यापैकी कुणाचं असं काही हरवलंय का?

अकोलेकर

वाचून गलबलून आलं. आमच्या बाबांची कवळी अशीच गेली. भूल देताना काढून कागदी रुमालात गुंडाळली आणि परत आल्यावर तो रुमाल जेवणाच्या ताटात राहिला. ताटाबरोबर गेली. लोक म्हणतात, नवीन करता येते. येते हो, पण माप, साचा, घासाघाशी यात दोन महिने गेले. तोवर बाबांनी पातळ खिचडी आणि ताक यावर काढले. नातवंडांसमोर तोंडावर हात धरून बोलायचे. आधीच सहा किलो वजन उतरलं होतं, ते भरून यायला वर्ष लागलं.

रात्रपाळी

मी सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिका आहे, बावीस वर्षं झाली. ताई, आधी एक सांगते. चूक तुमची नाही. माळ थिएटरपर्यंत जाऊ देण्यात गैर काही नव्हतं. ती कापल्यावर एका पाकिटात घालून वर नाव आणि नोंदणी क्रमांक लिहायला हवा होता, बाहेर तुम्हाला हाक मारून हातात द्यायला हवी होती. एवढंच काम होतं आणि ते झालं नाही.

वस्तू का काढतो ते पुष्कळ नातेवाइकांना कुणी सांगत नाही, म्हणून त्यांना तो अपमान वाटतो. ऑपरेशनमध्ये कॉटरी म्हणजे विजेवर चालणारं उपकरण वापरतात. अंगावर धातू असला तर त्या जागी भाजण्याची भीती असते. सलाईनमुळे बोटं सुजतात, मग अंगठी कापूनच काढावी लागते. कवळी भूल देताना घशात सरकू शकते. एमआरआयला तर साधी पिनही चालत नाही.

आता वस्तू हरवतात कुठे? चोरी होत नाही असं मी म्हणणार नाही. होते. पण माझ्या बावीस वर्षांत जास्त वस्तू चादरीत गेल्या. पेशंट हलवताना आम्ही चादर चारी टोकांनी गोळा करतो. त्यात कानाचं मशीन, कवळी, चष्मा, जे असेल ते धोब्याकडे जातं. वॉर्डमधून थिएटर, थिएटरमधून आयसीयू, आयसीयूतून पुन्हा वॉर्ड, आणि मध्ये तीन पाळ्या. पाळी बदलताना पुढच्या सिस्टरला ओव्हर देताना आम्ही सलाईन सांगतो, लघवीचं माप सांगतो, नळ्या मोजून देतो. उशाखाली काय आहे ते कुणी सांगत नाही.

आणि "पिवळा धातू" का लिहितो? कारण सोनं आहे की मुलामा हे आम्ही तपासू शकत नाही. पोलीस पंचनाम्यातही तसंच लिहितात. नोंद किमतीच्या भीतीपोटी होते, म्हणून जिला बाजारात किंमत नाही ती वस्तू कागदावर येतच नाही. जानवं, ताईत, तावीज, रुद्राक्ष, मुलाच्या कमरेचा काळा दोरा. मी स्वतः कितीतरी करदोडे कापून कचऱ्यात टाकलेत. तुमचं वाचल्यावर ते सगळे डोळ्यांसमोर आले.

विदर्भी

थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नका. हृदयाच्या ऑपरेशनमध्ये माणसं मिनिटं मोजत असतात. तिथे लाकडाचे मणी सांभाळायची जबाबदारी टाकली तर उद्या प्रत्येक जण काही ना काही घेऊन येईल. वडील सुखरूप आहेत, यातच सगळं आलं. अर्जफाटे करून ज्यांनी जीव वाचवला त्यांनाच त्रास होतो.

फलटणची लेक

@विदर्भी, राग नाही. मीही पहिले तीन दिवस स्वतःला हेच सांगत होते. पण एक लक्षात घ्या, माळ नव्हती म्हणून त्यांनी पाणी सोडलं होतं, ऑपरेशननंतरच्या दुसऱ्या दिवशी. नळी घालायची वेळ आली होती. म्हणजे ही गोष्ट उपचाराच्या बाहेरची राहिलीच नाही. चार चमचे पाणी पोटात गेलं ते त्या पिशवीमुळे. सर्जननी मणी सांभाळावेत असं मी म्हणत नाही. एक पाकीट आणि एक ओळ, एवढंच मागतेय.

@रात्रपाळी, तुम्ही एवढं मोकळेपणानं लिहिलंत, फार बरं वाटलं.

इंदू

हा धागा मी दोन दिवस उघडून बंद करतेय.

एप्रिल २०२१. माझे यजमान कोविड सेंटरमध्ये होते. अकराव्या दिवशी गेले. बघायला मिळाले नाहीत. चार दिवसांनी गेटवर एक प्लास्टिकची पिशवी दिली, वर नाव त्यांचंच. घरी आल्यावर सॅनिटायझर मारून दोन दिवस उन्हात ठेवली आणि मग उघडली. आत एक चष्मा, एक कंगवा, रामरक्षेची छोटी पोथी आणि मळकट टॉवेल. यांना चष्मा नव्हताच.

यांचा मोबाईल त्यात नव्हता. पुढचे दोन दिवस फोन लावला की रिंग जायची. मी लावत राहायचे. तिसऱ्या दिवशी बंद झाला. मला त्या फोनची किंमत नको होती. सहाव्या दिवशी ऑक्सिजन लावलेला असताना त्यांनी मुलीसाठी काहीतरी बोलून ठेवलं होतं, "पाठवतो नंतर, रेंज नाही" एवढा संदेश आला होता. ते काय होतं ते आम्हाला कधीच कळणार नाही.

तो चष्मा आणि पोथी मी अजून जपून ठेवलीय. कुणाच्या तरी घरात त्याचा शोध चालू असेल. पोथीच्या पहिल्या पानावर शाईनं लिहिलेलं नाव पाणी लागून पुसलंय, फक्त "चि. … हिस आशीर्वाद" एवढं वाचता येतं. सेंटर केव्हाच बंद झालं. मी हे कुणाकडे द्यावं?

रात्रपाळी

इंदूताई, काय लिहू कळत नाही. त्या दिवसांत आम्ही पीपीई किटमध्ये आठ-आठ तास असायचो, चष्म्यावर वाफ धरायची, पिशवीवर नाव लिहिताना मार्करची शाई उतरत नसे. पिशव्या बदलल्या हे खरं आहे. त्या केंद्राची कागदपत्रं महापालिकेच्या किंवा जिल्ह्याच्या आरोग्य विभागाकडे गेली असतील. त्या तारखेला त्या वॉर्डात कोण होतं हे तुम्हाला सांगणार नाहीत, पण त्यांच्यामार्फत त्या कुटुंबांना निरोप जाऊ शकतो. अर्ज लिहायला मी मदत करते. खाजगी निरोप पाठवा.

सनद

वकिली करतो, ग्राहक आयोगात नेहमी जाणं असतं. जेवढं पक्कं माहीत आहे तेवढंच लिहितो.

"मौल्यवान वस्तूंची जबाबदारी रुग्णालयाची नाही" अशी पाटी किंवा फॉर्मवरची ओळ सगळीकडे असते. तुम्ही वस्तू स्वतःजवळ ठेवली आणि उशाखालून गेली तर ती पाटी रुग्णालयाच्या कामी येते. पण वस्तू कर्मचाऱ्यांनी ताब्यात घेतली असेल, किंवा भुलेखालच्या पेशंटच्या अंगावरून काढली असेल, तर चित्र बदलतं. भारतीय करार कायदा, १८७२ मध्ये निक्षेप नावाचं प्रकरण आहे, कलम १४८ पासून पुढे. दुसऱ्याची वस्तू ताब्यात असताना शहाण्या माणसानं स्वतःच्या वस्तूची घेतली असती तेवढी काळजी घ्यायची, हे कलम १५१ सांगतं. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हॉटेलच्या ताब्यातून चोरीला गेलेल्या गाडीच्या प्रकरणात, "मालकाच्या जोखमीवर" असं पावतीवर छापलं म्हणून हॉटेलला स्वतःचा निष्काळजीपणा झटकता येत नाही, असं म्हटलं. तो निकाल रुग्णालयाचा नाही, पण युक्तिवादाला उपयोगी पडतो.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तक्रारीची मुदत दोन वर्षं. खाजगी रुग्णालयाला दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात शुल्क लागत नाही. १९१५ ही राष्ट्रीय हेल्पलाईन आहे, तिथे आधी नोंद करता येते.

चोरीचा संशय असेल तर पोलिसांत "गहाळ" लिहून घेऊ नका. गहाळ म्हणजे नुसता दाखला मिळतो, तपास होत नाही. १ जुलै २०२४ पासून चोरीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३ आहे. मृत माणसाच्या अंगावरची वस्तू लाटली तर वेगळं कलम, ३१५. आणि सगळ्यात आधी, त्याच दिवशी, सीसीटीव्हीचं चित्रण जपून ठेवा असं लेखी द्या आणि पोच घ्या. चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं, मग बघायला काही उरत नाही.

माळेच्या बाबतीत खटला लढवा असं मी सांगणार नाही. आयोग भरपाई रुपयांत देतो आणि तुम्हाला रुपये नको आहेत. अर्ज मात्र जरूर द्या. महाराष्ट्रात शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ मध्ये दुरुस्ती झाली, त्यात रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं ही खाजगी रुग्णालयांची जबाबदारी ठरली आहे. अर्ज त्याचा आधार घेऊन द्या.

लेस्टरवासी

इकडे इंग्लंडमध्येही कवळ्या आणि कानाची मशीनं हरवण्याचं दुखणं तसंच आहे, वस्तू सांभाळायला दिल्याची नोंद असेल तरच जबाबदारी घेतात. पण एक चांगली गोष्ट पाहिली. माझ्या सासूबाईंना विस्मरण आहे, भाषाही अडते. अल्झायमर्स सोसायटीचं एक पत्रक मिळतं. पेशंटला काय हाक मारायची, कशानं ते शांत होतात, कुठली वस्तू जवळ लागते, हे सगळं घरच्यांनी भरायचं आणि ते फाईलबरोबर राहतं. त्यात मी लिहिलं होतं की हिरव्या बांगड्या काढू नका, काढाव्याच लागल्या तर आधी मला फोन करा. काढल्या नाहीत, चिकटपट्टीनं गुंडाळून ठेवल्या. बांगड्या नसत्या तर त्या सबंध रात्र रडल्या असत्या.

वीणेकरी

माउली, आण्णांना माझा दंडवत सांगा. आमच्या दिंडीत एकाची माळ अशीच अपघातात गेली होती. जुनी माळ हातात असती तर आपण इंद्रायणीत किंवा चंद्रभागेत सोडली असती, किंवा तुळशीच्या मुळाशी पुरली असती. नवी माळ पिशवीतून काढून गळ्यात नुसती घालू नका. जखम भरली की महाराजांच्या हातून रीतसर घ्या. तोवर उशाशी राहू दे, चालतं.

फलटणची लेक

सगळ्यांना एकदमच लिहितेय. सोमवारी अर्ज दिला. मेट्रननी बोलावून घेतलं, तास भर बोलल्या. आधी त्यांच्या चेहऱ्यावर भीती होती, भरपाई मागतेय की काय अशी. मी इन्चार्ज सिस्टरचं कौतुक लेखी दिलं तेव्हा मोकळ्या झाल्या. त्यांच्याकडच्या फॉर्मवर "पिवळा धातू / पांढरा धातू / रोख / मोबाईल" असे चार रकाने आहेत. त्याखाली आता शिक्का मारणार आहेत: "पेशंटला जवळची वाटणारी इतर वस्तू: ______ . काढल्यास कुणाकडे द्यावी: ______". छापील फॉर्म संपले की नवीन छपाईत ती ओळ येईल म्हणाल्या. आली का ते मी दोन महिन्यांनी जाऊन बघणार आहे.

आण्णांना मी खरं सांगितलं. लपवून ठेवणं जमेना. पिवळी पिशवी, भट्टी, सगळं. ते ऐकत राहिले. मग विचारलं, "ती भट्टी कुठल्या अंगाला येती?" मी फोनवर नकाशा बघून दिशा दाखवली. त्यांनी तिकडे तोंड करून हात जोडले आणि आईला म्हणाले, "तुजा मणी बी गेला गं." नवी माळ देव्हाऱ्यात आहे. महाराज पुढच्या एकादशीला घरी येणार आहेत.

@इंदू, तुमच्या पोथीचं काही कळलं तर इथे नक्की लिहा.

आता एक विचारायचं होतं. आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढच्या गुरुवारी फलटणलाच आहे. तिच्या अंगावर जोडवी, काचेच्या बांगड्या, मंगळसूत्र, चमकी, आणि तिची स्वतःची माळ आहे, एक मणी कमी असलेली. काल बसून सगळ्याचे फोटो काढले आणि कागदावर यादी करून दोन प्रती केल्या. यातलं नक्की काय काढायला लावतील?

रात्रपाळी

मोतीबिंदूला भूल बहुतेक वेळा डोळ्यापुरतीच असते, त्यामुळे जोडवी आणि बांगड्या बऱ्याच ठिकाणी राहू देतात. माळही राहू देतील, पण आदल्या दिवशीच डॉक्टरांना विचारून ठेवा आणि यादीची एक प्रत फाईलला लावा. चमकी मात्र डोळ्याच्या अगदी जवळ, ती काढायला सांगतील. फिरकीची असेल तर बुधवारी रात्री घरीच तेलाचं बोट लावून सैल करून ठेवा. ऐन वेळी फिरकी निघत नाही आणि मग ओढाताण होते.